स्पेशियलडीई आणि स्थलीय संख्याशास्त्राची पूर्वपीठिका

२०१८ साली ‘नेचर मेथड्स’ या नियतकालिकात व्हॅलेंटाइन स्वेन्सन, सारा टाइखमन व ऑलिव्हर स्टेगल या तिघांचा अवघ्या चार पृष्ठांचा एक लेख प्रसिद्ध झाला. केंब्रिजनजीकच्या हिंक्स्टन येथील संशोधनातून सिद्ध झालेल्या एका संगणकीय साधनाचे वर्णन त्यात होते. साधनाचे नाव स्पेशियलडीई. ऊतकाच्या पातळ छेदावर ठिकठिकाणी प्रत्येक जनुकाची अभिव्यक्ती किती आहे याची मोजदाद हाती असता, कोणत्या जनुकांची अभिव्यक्ती स्थानानुसार बदलते आणि कोणत्यांची बदलत नाही याचा निर्णय करणे हे त्याचे कार्य. या साधनाचा उल्लेख बहुधा जीवशास्त्रातील नव्या मापनतंत्राचे अपत्य म्हणून केला जातो. हे अर्धेच खरे आहे. ज्या गणितावर ते उभे आहे, ते गणित गव्हाच्या शेतात जन्मले आणि परगण्यांचे नकाशे, सोन्याच्या खाणी व स्वीडनमधील अरण्ये यांच्या सहवासात वाढले. जुन्या घराण्यातून आलेल्या साधनाबरोबर त्या घराण्याची गृहीतेही येत असतात. स्थानाचा काहीच परिणाम नाही अशी परिकल्पना प्रथम मांडावयाची आणि मग तिचे खंडन होते काय ते पाहावयाचे, ही रीत त्यांपैकीच होय. शेतात ती सार्थ होती. सजीव ऊतकात ती कितपत सार्थ आहे, हे समजून घ्यावयाचे तर तिचा प्रवास आरंभापासून पाहणे इष्ट ठरेल.

इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे कृषिसंशोधनाचे एक जुने केंद्र आहे. १९१० सालच्या सुगीत तेथे मर्सर व हॉल या संशोधकांनी वरकरणी निरर्थक वाटावा असा एक उद्योग केला. सर्वत्र सारखे दिसणारे गव्हाचे एक एकर शेत त्यांनी निवडले. बियाणे एक, मशागत एक, खतात कोठे फरक नाही. कापणीच्या वेळी त्या एकराचे पाचशे समान वाफे पाडून प्रत्येक वाफ्यातील धान्य व काड त्यांनी निरनिराळे तोलले. वीस ओळी व पंचवीस रकाने असा तो तक्ता १९११ साली प्रसिद्ध झाला. धान्याचे सर्वांत हलके माप २.७३ पौंडांचे व सर्वांत जड ५.१६ पौंडांचे होते. म्हणजे काहीही वेगळे केलेले नसताना एका वाफ्यात दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट पीक आले होते. तक्ता बारकाईने पाहिला असता आणखी एक गोष्ट ध्यानात येते. चांगले वाफे चांगल्यांच्या शेजारी आढळतात व हलके हलक्यांच्या. जमिनीचा कस तुटक तुटक बदलत नाही. तो एखाद्या उतारासारखा हळूहळू पालटत जातो.

या लेखास ‘स्टूडंट’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी पुरवणी जोडली होती. गिनेस कंपनीच्या नोकरीत असलेल्या या गृहस्थांना जव व गहू यांच्या प्रयोगांतील अडचणी पुरत्या ठाऊक होत्या. १९१४ साली त्यांनी काल अथवा स्थल यांतील स्थानामुळे उद्भवणाऱ्या आभासी सहसंबंधाविषयी एक टिपण लिहिले. त्याच्या शीर्षकातील सर्वांत अर्थपूर्ण शब्द ‘निरसन’ हा आहे. शेजारधर्मामुळे येणारे साम्य हा त्या पिढीच्या दृष्टीने एक दोष होता, आणि दोषाचे निरसनच करावयाचे असते. दोन जातींच्या गव्हांत सरस कोणता हा मूळ प्रश्न. जमीन मध्ये पडून उत्तर गढूळ करते, एवढेच काय ते जमिनीचे महत्त्व.

१९१९ साली रोनाल्ड फिशर रॉथॅमस्टेडला आले आणि त्यांनी या दोषावर जो उपाय योजला तो सर्वश्रुत आहे. कोणत्या वाफ्यात कोणती जात पेरावयाची हे चिठ्ठ्या टाकून ठरवावे, म्हणजे जमिनीचा पक्षपात कोणा एकाच्या वाट्यास हेतुपूर्वक येत नाही आणि जो येतो त्याचा हिशेब संभाव्यतेने मांडता येतो. भारतातही या विचाराची लागण लवकरच झाली. इंदूर येथील संस्थेत हचिन्सन व विनायक गोविंद पानसे यांनी कापसाच्या प्रयोगांतील वाफ्यांचा आकार, आकृती व मांडणी यांवर १९३५ साली निबंध प्रसिद्ध केला. वाफ्याचे क्षेत्रफळ वाढविले तर प्रचरण किती घटते याचा नियम फेअरफील्ड स्मिथ यांनी १९३८ साली मांडला. प्रशान्तचंद्र महालनोबीस यांनी बंगालमधील तागाच्या पाहणीच्या अनुभवावर आधारलेल्या १९४४ च्या प्रदीर्घ निबंधात याच प्रश्नाचा विस्ताराने विचार केला. या सर्वांच्या लेखी स्थान हे अडथळा होते. एवढे मात्र खरे की अडथळा दूर करण्यासाठी तो आधी मोजावा लागतो, आणि मोजता मोजता तो स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊन बसला.

हे स्थित्यंतर १९४८ ते १९५४ या सहा-सात वर्षांत घडले. सिडनीत जन्मलेले पॅट्रिक मोरान त्या सुमारास ऑक्सफर्डला होते. १९४८ च्या निबंधात त्यांनी असा प्रश्न घेतला: एखाद्या देशाच्या नकाशातील काही परगणे काळे व काही पांढरे रंगविले असतील, तर काळे काळ्यांच्या शेजारी योगायोगाने जितके यावेत त्याहून अधिक आले आहेत काय? याच जातीच्या प्रश्नावर भारतातील पी. व्ही. कृष्ण अय्यर यांनी १९४९ साली ‘बायोमेट्रिका’त जाळीवरील बिंदूंसाठी गणित करून दाखविले. पुढील वर्षी मोरान यांनी रंगांच्या जागी संख्या घेतल्या आणि आज त्यांच्या नावाने ओळखला जाणारा गुणांक सिद्ध झाला. त्याची रचना साधी आहे. प्रत्येक ठिकाणची संख्या एकंदर सरासरीहून किती अधिक वा उणी आहे ते काढावे. लगतच्या दोन ठिकाणांच्या या फरकांचा गुणाकार करावा. अशा सर्व जोड्यांच्या गुणाकारांची सरासरी घेऊन तिला एकंदर प्रचरणाने भागावे. शेजारी सारखे असतील तर उत्तर धन येते, शेजारी परस्परविरुद्ध असतील तर ऋण, आणि शेजाराचा काही संबंध नसेल तर शून्याच्या जवळपास. आयर्लंडच्या मध्यवर्ती सांख्यिकी कार्यालयाचे पहिले संचालक रॉय गिअरी यांनी १९५४ साली गुणाकाराऐवजी शेजाऱ्यांमधील फरकाचा वर्ग घेऊन दुसरा गुणांक सुचविला व आपल्या देशातील सव्वीस परगण्यांच्या आकडेवारीवर तो लावून पाहिला.

गिअरी यांच्या निबंधातील एक भाग मोरान यांच्याहून निराळा आहे. नकाशात काही आकृतिबंध आहे एवढे ठरवून ते थांबले नाहीत. परगण्यांविषयी जे काही अगोदरच ज्ञात आहे त्याच्या आधारे प्रत्येक ठिकाणची अपेक्षित संख्या काढावी, ती प्रत्यक्ष संख्येतून वजा करावी, आणि मागे राहिलेल्या अवशेषांच्या नकाशावर कसोटी लावावी, असा मार्ग त्यांनी दाखविला. अवशेषांत आकृतिबंध उरला नसेल तर ज्ञात कारणांनी नकाशाचे स्पष्टीकरण झाले. उरला असेल तर अद्याप काही शोधावयाचे आहे. या कल्पनेची दखल पुढे घ्यावी लागेल.

त्याच १९५४ साली न्यूझीलंडचे पीटर व्हिटल यांनी मर्सर व हॉल यांचा त्रेचाळीस वर्षांपूर्वीचा तक्ता पुन्हा बाहेर काढला. काळाच्या रेषेवर आजची संख्या कालच्या संख्येवर अवलंबून असते, उद्याच्या संख्येवर नाही. तेथे दिशा आहे. प्रतलावर अशी दिशा नसते. एक वाफा उजवीकडच्यावर अवलंबून असेल तर उजवीकडचाही त्याच्यावर अवलंबून असतो. हे परस्परावलंबन लक्षात न घेता कालमालिकांसाठी तयार केलेली रीत जशीच्या तशी शेताला लावली तर उत्तर चुकते, हे व्हिटल यांनी दाखवून दिले. ज्यूलियन बेसाग यांनी १९७४ च्या आपल्या विख्यात निबंधात पुन्हा तोच तक्ता वापरला. त्या एका एकराच्या पिकावर संख्याशास्त्रज्ञांच्या किती पिढ्या पोसल्या गेल्या याचा कोणी हिशेब केलेला दिसत नाही.

शेजारी म्हणजे कोण, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ दुर्लक्षित राहिला. सीमा लागून असलेले ते शेजारी, ही व्याख्या चौकोनी वाफ्यांच्या बाबतीत पुरेशी असते. परगणे लहानमोठे असतात. कोणाची सीमा शंभर मैल लागून असते तर कोणाची एखाद्या कोपऱ्यापुरती. नकाशा रबरावर काढून हवा तसा ताणला तरी मोरान यांचा मूळ गुणांक बदलणार नाही, कारण कोण कोणास लागून आहे एवढेच त्यास कळते. १९६९ साली ब्रिस्टलचे अँड्र्यू क्लिफ व कीथ ऑर्ड यांनी प्रत्येक जोडीस अंतर, सीमेची लांबी इत्यादींनुसार भार देण्याची सोय केली आणि १९७३ साली या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. सोय झाली, पण जबाबदारीही आली. भार कोणते द्यावयाचे हे आकडेवारी सांगत नाही, ते अभ्यासकाने ठरवावयाचे असते.

भाषाभ्यासकांना ही अडचण परिचित आहे. झिल्येराँ यांच्या फ्रान्सच्या भाषिक नकाशासंग्रहासाठी एडमाँ यांनी ६३९ गावी जाऊन शब्द टिपले आणि तो संग्रह १९०२ ते १९१० या काळात प्रसिद्ध झाला. पण दोन गावांच्या मधून शब्दाची सीमारेषा कोठून न्यावयाची याचा निर्णय नेहमीच रेषा ओढणाऱ्याच्या हाती राहिला. गावांमधील अंतर व शब्दांमधील अंतर यांचा संख्यात्मक संबंध झाँ सेगी यांनी १९७१ साली तपासला. पुढे २०११ मध्ये जॅक ग्रीव्ह यांनी अमेरिकन वृत्तपत्रांस आलेल्या वाचकांच्या पत्रांतील आकुंचित क्रियारूपांच्या प्रमाणास हीच स्थलीय स्वसहसंबंधाची रीत लावली. वाफा, परगणा, गाव अथवा पेशी या भेदाची गणितास पर्वा नसते. त्यातच त्याचे सामर्थ्य आहे व त्यातच त्याचा धोका.

एवंच, मोरान व गिअरी यांच्या परंपरेत प्रश्न ‘आहे की नाही’ असा विचारला जात होता. त्याच सुमारास दुसरी एक परंपरा ‘किती दूरपर्यंत’ असा प्रश्न विचारीत होती, आणि तिचा उगम निखळ व्यावहारिक होता. दक्षिण आफ्रिकेतील विटवॉटर्सरँड येथील सोन्याच्या खाणींत काम करणारे अभियंते डॅनियल क्रिग यांना ठिकठिकाणच्या थोड्या नमुन्यांवरून मधल्या खडकातील सोन्याचा अंदाज बांधावयाचा होता. १९५१ साली त्यांनी त्यासाठी रीत सुचविली. फ्रान्समध्ये जॉर्ज माथेराँ यांनी तिला शास्त्रीय रूप देऊन क्रिग यांच्याच नावाने तिचे नामकरण केले. खाणीत शेजारच्या दगडात साम्य आहे की नाही याबद्दल कोणास शंका नव्हती. साम्य किती हातांवर संपते, एवढेच जाणून घ्यावयाचे होते. या अंतरास मराठीत ‘पल्ला’ म्हणता येईल. स्टॉकहोम येथे वनपाहणीच्या कामात असलेले बेर्टिल मातेर्न यांनी १९६० च्या आपल्या प्रबंधात पल्ल्याबरोबर त्या साम्याच्या गुळगुळीतपणाचाही विचार केला, आणि अंतरागणिक सहप्रचरण कसे घटते हे दर्शविणारे त्यांच्या नावाचे सूत्र आजही सर्वत्र वापरात आहे.

शेत, परगणे आणि खाणी यांकडून ऊतकाकडे येण्यास बराच काळ जावा लागला, कारण ऊतकात ठिकठिकाणी मोजणी करण्याची सोयच नव्हती. १९६९ साली जोसेफ गॉल व मेरी लू पार्ड्यू यांनी विशिष्ट न्यूक्लिइक आम्लाचे स्थान पेशीतल्या पेशीत दाखविण्याची रीत प्रसिद्ध केली. तिच्यात स्थान कळे, पण एका वेळी एखाद्या जनुकापुरते. उलटपक्षी, पुढे हजारो जनुकांची अभिव्यक्ती एकदम मोजता येऊ लागली तेव्हा त्यासाठी ऊतकाचा लगदा करावा लागे. २००९ पासून एकेका पेशीतील आरएनए वाचणे शक्य झाले, परंतु तेथेही पेशी आधी एकमेकींपासून विलग कराव्या लागत. म्हणजे पाचशे वाफ्यांचे धान्य तोलले खरे, पण कोणते पोते कोणत्या वाफ्यातले याच्या चिठ्ठ्या हरवल्या, असा प्रकार होता.

चिठ्ठी न हरवू देण्याची युक्ती २०१६ साली स्टॉकहोममधील पॅट्रिक स्टाल, योआकिम लुंडेबेरी, योनास फ्रिसेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केली. मातेर्न यांचेच शहर, हा निव्वळ योगायोग. काचपट्टीवर १,००७ ठिपक्यांची जाळी. प्रत्येक ठिपक्याचा व्यास १०० मायक्रोमीटर व दोन ठिपक्यांच्या केंद्रांतील अंतर २०० मायक्रोमीटर. प्रत्येक ठिपक्यावर आरएनएला पकडणारे डीएनएचे धागे रोवलेले असून त्या धाग्यांत त्या ठिपक्याची खूण अक्षरांच्या क्रमाने गुंफलेली असते. ऊतकाचा छेद पट्टीवर ठेवून पेशींतून आरएनए बाहेर झिरपू दिला की तो खालच्या धाग्यास चिकटतो, त्याची प्रत तयार होते, आणि प्रतीबरोबर ठिकाणाची खूणही वाचली जाते. उंदराच्या मेंदूतील घ्राणकंद आणि स्तनाचा कर्करोग या दोन ऊतकांवर ही रीत वापरण्यात आली. हाती आलेला तक्ता मर्सर व हॉल यांच्या तक्त्याशी विलक्षण साम्य दाखवितो: घ्राणकंदाच्या एका छेदाखाली सुमारे २६० ठिपके, म्हणजे वाफ्यांच्या निम्म्याहून किंचित अधिक. भेद इतकाच की तेथे धान्य व काड ही दोन मापे होती, येथे दहा हजारांहून अधिक जनुकांचे तितकेच तक्ते आहेत.

येथे स्पेशियलडीईचा प्रवेश होतो. त्याची कार्यपद्धती थोडक्यात अशी. ठिपक्यांवरील मोजणी पूर्णांकांत असते आणि सरासरी वाढली की तिचे प्रचरणही वाढते. म्हणून प्रथम ती मोजणी प्रचरण स्थिर राहील अशा रीतीने रूपांतरित केली जाते. हे रूपांतर फ्रान्सिस अँस्कम यांनी १९४८ साली दिलेले आहे, आणि अँस्कम तेव्हा रॉथॅमस्टेडला होते. त्यानंतर प्रत्येक जनुकाच्या एकंदर प्रचरणाचे दोन वाटे कल्पिले जातात. एक वाटा स्थलाधीन, म्हणजे दोन ठिपक्यांतील अंतर वाढेल तसे ज्यातील साम्य घटत जाते तो. दुसरा ठिपक्याठिपक्यापुरता स्वतंत्र. साम्य किती पल्ल्यावर ओसरते यासाठी अनेक पल्ले लावून पाहिले जातात व त्यांतील सर्वांत जुळणारा निवडला जातो. अखेर स्थलाधीन वाटा धरून केलेले प्रतिमान आणि तो वगळून केलेले प्रतिमान यांची तुलना होऊन निर्णय दिला जातो. हे सर्व क्रिग व माथेराँ यांच्या परंपरेतील आहे. यंत्र-अध्ययनाच्या ग्रंथांत त्यास गाउसीय प्रक्रिया असे नाव आहे.

या साधनाची खरी कारागिरी गणनेच्या काटकसरीत आहे. २६० ठिपक्यांमधील परस्परसंबंधांचा तक्ता २६० ओळी व तितक्याच रकान्यांचा, म्हणजे ६७,६०० घरांचा होतो. तो सोडविण्याचे श्रम ठिपक्यांच्या संख्येच्या घनाच्या प्रमाणात वाढतात, आणि दहा हजार जनुकांसाठी ते दहा हजार वेळा करावयाचे म्हटले तर संगणकही थकेल. परंतु ठिपक्यांची जागा सर्व जनुकांसाठी एकच असते. म्हणून एका पल्ल्यासाठी तो तक्ता एकदाच उलगडावयाचा आणि प्रत्येक जनुकाच्या वेळी तीच उलगड वापरावयाची. आनुवंशिकीतील मिश्र प्रतिमानांसाठी २०११ साली योजलेली ही युक्ती येथे उत्तम प्रकारे उपयोगी पडली. टीका करावयाची तर ती साम्याच्या घटीसाठी निवडलेल्या मुख्य सूत्रावर करता येईल. त्यात वक्र अत्यंत गुळगुळीत धरला जातो. निसर्गात इतका गुळगुळीतपणा क्वचितच आढळतो व मातेर्न यांचे सूत्र अधिक विश्वसनीय आहे, असे मायकेल स्टाइन यांनी १९९९ मध्येच प्रतिपादिले होते. ऊतकात तर एका स्तरातून दुसऱ्या स्तरात जाताना एका पेशीच्या अंतरात सर्व काही बदलू शकते.

‘नेचर मेथड्स’च्या त्याच अंकात, लगतच्या मागील पृष्ठांवर, एडस्गार्ड, योहान्सन व सँडबेरी यांनी ‘ट्रेंडसीक’ हे दुसरे साधन मांडले होते. प्रत्येक बिंदूस एक माप चिकटलेले आहे अशा बिंदुसमूहाचे गणित हा त्याचा आधार. अरण्यातील वृक्षांची ठिकाणे व त्यांच्या बुंध्यांचा घेर यांच्या अभ्यासात ते गणित पूर्वीच रुळलेले होते. पण खरा वाद २०२० साली उद्भवला. मिशिगन विद्यापीठातील श्यांग झोउ व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्पार्क’ नावाचे साधन प्रसिद्ध केले. त्यांचा आक्षेप असा की रूपांतर करून मोजणीला गाउसीय वक्राच्या साच्यात बसविण्याऐवजी मोजणी ही मोजणी म्हणूनच हाताळावी, आणि अनेक पल्ल्यांतून एकच निवडण्याऐवजी सर्वांच्या निर्णयांचा मेळ घालावा. ठिपक्यांची मुद्दाम अदलाबदल करून स्थानाचा संबंध तोडला असता स्पेशियलडीईची कसोटी अकारण कंजूष ठरते, हेही त्यांनी दाखविले. घ्राणकंदाच्या एकाच तक्त्यावर, चुकीची सारखीच मुभा देऊन, स्पेशियलडीईने ६७ जनुके स्थलानुसार बदलणारी म्हणून निवडली होती. स्पार्कने ७७२ निवडली.

सदुसष्ट आणि सातशे बहात्तर या दोन संख्यांतील अंतराचा अर्थ कसा लावावयाचा? प्रचलित उत्तर असे की दुसरे साधन अधिक संवेदनशील आहे. तांत्रिक दृष्ट्या ते बरोबर आहे व त्यात वाद घालण्याचे कारण नाही. परंतु या उत्तरात एक गोष्ट दडून राहते. साधन आणखी संवेदनशील केले, ठिपके वाढविले, मोजणी सखोल केली, तर ही संख्या वाढतच जाईल. घ्राणकंद हा कांद्याच्या पापुद्र्यांसारखा स्तरांचा बनलेला असतो आणि प्रत्येक स्तरात निराळ्या प्रकारच्या पेशी असतात. ज्या जनुकाची अभिव्यक्ती पेशीच्या प्रकारानुसार थोडीही बदलते ते जनुक स्तरांनुसार बदलणारच. अशा ऊतकात ‘स्थानाचा परिणाम शून्य’ ही परिकल्पना जवळजवळ कोणत्याही जनुकाबाबत खरी नाही, आणि हे कसोटी लावण्यापूर्वीच ठाऊक असते. शेतात तसे नव्हते. एकसारखे दिसणाऱ्या शेतात कस खरोखरच सारखा असू शकेल, ही शक्यता विचारात घेण्याजोगी होती. म्हणून तिचे खंडन ही नवी माहिती होती. शिवाय फिशर यांना चिठ्ठ्या टाकता आल्या. ऊतकात पेशी कोठे रुजावी हे चिठ्ठ्या टाकून ठरविता येत नाही. स्टूडंट यांनी ज्याचे निरसन केले तेच येथे शोधाचे लक्ष्य आहे. लक्ष्य उलटले, पण कसोटीचे स्वरूप तेच राहिले. ज्याचे खंडन अगोदरच निश्चित आहे अशा परिकल्पनेच्या खंडनास शोध म्हणणे हे नव्या जीवशास्त्राने जुन्या कृषिशास्त्राकडून घेतलेले अनावश्यक कर्ज आहे.

हा प्रश्न केवळ तात्त्विक नाही. अशा यादीतून निवडलेली जनुके पुढील प्रयोगांसाठी घेतली जातात; कर्करोगाच्या छेदात कोणत्या जनुकांकडे लक्ष द्यावयाचे हे अंशतः यादीच्या क्रमाने ठरते. यादीच्या शिरोभागी बहुधा तीच जनुके येतात जी पेशीचा प्रकार दर्शवितात व ज्यांच्याविषयी विकृतिशास्त्रज्ञास सूक्ष्मदर्शकातूनच पुष्कळसे कळलेले असते. एकाच प्रकारच्या पेशी ठिकाणानुसार, म्हणजे शेजाऱ्यांच्या संगतीनुसार, निराळ्या वागतात काय, हा खरा जिज्ञासेचा प्रश्न होय. आणि तो यादीच्या तळाशी दबून राहण्याचा संभव असतो. हा प्रश्न म्हणजे गिअरी यांचा १९५४ चा प्रश्न आहे. जे ज्ञात आहे ते आधी वजा करा, मग नकाशा पाहा.

या दिशेने पाऊल पडलेच नाही असे नाही. २०२३ साली लुकास वेबर, अभिरूप दत्त, स्टेफनी हिक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या ‘एनएनएसव्हीजी’ या साधनात ऊतकाचे स्तर ज्ञात घटक म्हणून आधीच जमेस धरण्याची सोय आहे, तसेच प्रत्येक जनुकासाठी पल्ला स्वतंत्र काढला जातो. प्रत्येक ठिपक्याचा संबंध सर्वांशी न जोडता निकटच्या मोजक्या शेजाऱ्यांशीच जोडल्यामुळे हजारो ठिपक्यांसाठीही हे गणित आटोक्यात राहते. न्यायाने पाहता स्पेशियलडीईनेही प्रत्येक जनुकाचा पल्ला व स्थलाधीन प्रचरणाचा अंश हे दोन आकडे पहिल्यापासून दिलेले होते. खाणीतील अभियंत्याने तेच आधी वाचले असते. वापरणाऱ्यांनी मात्र बहुधा तिसरा आकडा, म्हणजे खंडनाचा, वाचला व त्यावरून यादी केली. दोष द्यावयाचा तर तो वाचण्याच्या सवयीस अधिक द्यावा लागेल. मोरान यांचा गुणांकही आज ‘स्क्विडपाय’ व ‘सुरा’ यांसारख्या साधनसंचांत एका आज्ञेसरशी मिळतो, आणि तेथे शेजारी कोणास म्हणावयाचे याचे उत्तर साधनाने आधीच भरून ठेवलेले असते. ते बदलता येते. बदलणारे किती, हा भाग निराळा.

वाफा केवढा असावा या १९११ च्या प्रश्नासही अलीकडे पुन्हा तोंड फुटले आहे. मर्सर व हॉल यांनी पाचशे वाफे पाडले ते लहान वाफे एकत्र करीत जाऊन कोणत्या आकारावर चूक सर्वांत कमी होते ते पाहण्यासाठी. एकराचा चाळिसावा भाग, तोही पाच ठिकाणी विखुरलेला, असा सल्ला त्यांनी अखेर दिला. क्षेत्रे एकत्र केली की आकडे किती फिरतात याचे उदाहरण यूल व केंडल यांच्या १९५० च्या पाठ्यपुस्तकात आहे. इंग्लंडच्या अठ्ठेचाळीस परगण्यांतील गहू व बटाटे यांच्या उत्पन्नांतील सहसंबंध ०.२२ होता, लगतचे परगणे जोडत जोडत तीनच गट केले तेव्हा तो ०.९९ झाला. स्टॉकहोमच्या जाळीतील एका ठिपक्याखाली अनेक पेशी येत. ती रीत विकत घेऊन टेनएक्स जेनॉमिक्स या अमेरिकन कंपनीने २०१९ साली ‘व्हिजियम’ या नावाने बाजारात आणलेल्या पट्टीवर ठिपका ५५ मायक्रोमीटरचा झाला. २०२४ च्या ‘व्हिजियम एचडी’ या आवृत्तीत ठिपक्यांच्या जागी एकमेकांस लागून असलेले २ मायक्रोमीटरचे चौकोन आले आहेत. एवढ्या लहान चौकोनात हाती लागणारा आरएनए इतका थोडा असतो की बहुतेक जनुकांच्या घरात शून्यच पडते. म्हणून चौकोन एकत्र करून ८ किंवा १६ मायक्रोमीटरचे केले जातात व मग त्यांवर कसोट्या लावल्या जातात. पेशींच्या सीमा या चौकोनांच्या सीमांशी जुळत नाहीत. आठ घ्यावेत की सोळा, हे प्रत्येक अभ्यासक आपल्या ऊतकापुरते ठरवितो, आणि यादीतील जनुकांची संख्या त्याप्रमाणे बदलते.